चाळणीवर की जागेवर? पाण्याखालचे धन आणि सक्शन ड्रेज

पाण्याखाली मेटल डिटेक्टर वाजला, की खरे काम तिथून सुरू होते. जमिनीवर खुरपे घ्यावे, वीतभर माती उकरावी आणि वस्तू हाती यावी, इतके ते सोपे असते. पाण्याखाली मात्र उकरलेली वाळू बाजूने घसरत पुन्हा खड्ड्यात येते. गाळ ढवळला की स्वतःचा हातही दिसेनासा होतो आणि मघाशी जिथे आवाज आला ती जागाच हरवते. या अडचणीवर गेल्या साठ-सत्तर वर्षांत सर्वांत जास्त वापरला गेलेला तोडगा म्हणजे सक्शन ड्रेज. पाण्याच्या किंवा हवेच्या जोरावर तळाची वाळू, गाळ आणि खडी नळीतून ओढून दूर टाकणारे हे यंत्र आहे.

नदीत सोने शोधणारे, बुडालेल्या जहाजांतली नाणी काढणारे, पोहण्याच्या जागी हरवलेल्या अंगठ्या हुडकणारे हौशी आणि सागरी पुरातत्त्वज्ञ, हे चौघेही हेच यंत्र वापरतात. त्याच्यामुळे इतिहासाची काही पाने नव्याने लिहिली गेली आणि काही कायमची पुसलीही गेली. त्याच्यावरून खटले झाले आणि बंदीचे कायदे आले. यंत्र चांगले की वाईट, असा वाद नेहमी घातला जातो. मला वाटते, निवाडा एका साध्या प्रश्नावर होतो : सापडलेली वस्तू माणसाच्या डोळ्यांना पहिल्यांदा कुठे दिसली? ती जिथे पडली होती त्या जागी, नळीच्या तोंडापाशी, की नळीच्या दुसऱ्या टोकाला, चाळणीवर? पुढचा सारा आढावा या प्रश्नाभोवती फिरतो.

डिटेक्टरला काय ऐकू येते

धातू शोधणाऱ्या यंत्राचा इतिहास समुद्रापासून फार दूर सुरू होतो. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा शरीरात रुतलेली ती गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असे एक उपकरण तयार केले होते. त्यांना यश आले नाही. १९३७ मध्ये गेरहार्ड फिशर यांना अमेरिकेत धातुशोधकाचे पेटंट मिळाले. दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे अभियंते युझेफ कोसात्स्की यांनी सुरुंग शोधणारे यंत्र सैनिकांच्या हाती दिले. युद्ध संपल्यावर लष्कराची शिल्लक यंत्रे स्वस्तात विकली गेली आणि किनाऱ्यावर नाणी शोधणारी पहिली पिढी त्यांतूनच उभी राहिली.

यंत्राचे तत्त्व असे की वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र बाहेर पडते, जवळच्या धातूत त्यामुळे वीजप्रवाह फिरू लागतो आणि त्या प्रवाहाचे क्षेत्र यंत्र टिपते. गोड्या पाण्याचा त्याला अडथळा होत नाही. समुद्राचे पाणी मात्र स्वतःच विजेचे वाहक असते. म्हणून एकाच वारंवारतेवर चालणारे साधे यंत्र ओल्या खाऱ्या वाळूवर नुसते बडबडत राहते. समुद्रासाठी ठोक्याठोक्याने स्पंदने सोडणारी किंवा अनेक वारंवारतांवर चालणारी यंत्रे लागतात. तीही एकेकट्या नाण्याचा ठाव साधारण वीत-दीड वीत खोलीपर्यंतच घेऊ शकतात.

मोलाच्या जुन्या वस्तू बहुधा त्याहून खोल असतात. वाळूची घनता सुमारे २.६५, चांदीची १०.५ आणि शुद्ध सोन्याची १९.३. लाटा आणि प्रवाह वाळू हलवत राहतात, तशी जड वस्तू तिच्यातून खाली सरकत जाते आणि कठीण चिकणमाती किंवा खडक लागला की थांबते. वरच्या सैल थरात बाटल्यांची झाकणे आणि परवा हरवलेल्या अंगठ्या सापडतात. शतकांपूर्वीचे नाणे तळाच्या कठीण थरावर असते आणि ते डिटेक्टरला ऐकूच येत नाही. म्हणून सक्शन ड्रेजचा खरा उपयोग वाजलेली वस्तू उचलण्यापुरता नसतो. वरचा थर काढून, न ऐकू येणारे ऐकू येण्याच्या टप्प्यात आणणे हे त्याचे मुख्य काम असते. एक थर काढायचा, पुन्हा डिटेक्टर फिरवायचा, मग पुढचा थर, असे ते चालते.

या कामाचा आवाका पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याला सहसा उमगत नाही. पाण्याखालची सैल वाळू सुमारे तीस अंशांच्या उतारावर स्थिरावते. म्हणजे मीटरभर खोल जायचे तर खड्ड्याचे तोंड साडेतीन मीटर रुंद होते आणि सुमारे तीन घनमीटर, म्हणजे पाच-सहा टन ओली वाळू हलवावी लागते. खोली दुप्पट केली की वाळू आठपट होते. हाताने आणि फावड्याने हे होणे नाही. यंत्राची गरज या हिशोबातून आली.

वाळू हलवण्याच्या चार रीती

पहिली रीत हाताची. पंजा उघडा ठेवून पाण्याला हलके वारे घालावे तशी हालचाल केली की गाळ उठतो आणि प्रवाहाबरोबर निघून जातो. वेग कमी, पण याइतके सावध हत्यार दुसरे नाही. आजही नाजूक वस्तूभोवती अखेरचे काम हातच करतो.

दुसरी रीत व्हेंचुरीची आणि हौशी लोकांचे सक्शन ड्रेज ते हेच. तरंगत्या चौकटीवर इंजिन आणि पंप असतो. पंप स्वच्छ पाणी जोराने एका बारीक नळीतून खाली पाठवतो आणि ते पाणी मोठ्या नळीत तिरपे सोडले जाते. त्या झोताने मागे कमी दाब तयार होतो आणि तोंडाशी असलेली वाळू-खडी आत ओढली जाते. यातली मोठी सोय अशी की खडी पंपातून जातच नाही. वाळूउपशाच्या पंपात सारे काही पंपाच्या फिरत्या पात्यांतून जाते, इथे पात्यांना फक्त पाणी लागते. हौशी यंत्रांच्या नळ्या साधारण दोन ते सहा इंच व्यासाच्या असतात. तोंडाला नळीपेक्षा अरुंद कडे बसवलेले असते. त्या कड्यातून जो दगड आत शिरेल तो पुढे वळणावर अडकत नाही. पाणी पाण्यातच उचलायचे असल्याने पृष्ठभागापर्यंत फारसे बळ लागत नाही, पण पृष्ठभागाच्या वर जितके उचलावे तितकी ओढ कमी होते. म्हणून डिटेक्टरबरोबर काम करणारे अनेक जण आखूड नळी तळाशीच ठेवतात आणि गाळ पाठीमागे काही मीटरवर सोडतात.

तिसरी रीत एअरलिफ्टची. उभ्या नळीच्या खालच्या टोकाशी दाबाची हवा सोडली की बुडबुडे वर धावतात आणि नळीतले हलके झालेले पाणी गाळासकट वर चढते. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथली हवा वर येईपर्यंत फुगून दुप्पट होते. खोली जितकी जास्त, तितका एअरलिफ्टचा जोर जास्त. दोन-तीन मीटर पाण्यात मात्र तो दुबळा पडतो आणि तिथे व्हेंचुरीच कामाला येते.

चौथी रीत ओढण्याची नव्हे, ढकलण्याची. नांगरून ठेवलेल्या बोटीच्या पंख्यामागे कोपरासारखा वाकडा पोलादी नळ बसवायचा आणि पंख्याचा सारा झोत थेट तळावर मारायचा. काही मिनिटांत बोटीच्या रुंदीएवढा खड्डा पडतो. याला फ्लोरिडात ‘मेलबॉक्स’ म्हणतात. यांतल्या रीती एकाच किनाऱ्यावर कशा वापरात आल्या ते पाहिले, की या प्रश्नाचा सारा विस्तार दिसतो.

फ्लोरिडाचा किनारा

३१ जुलै १७१५ च्या पहाटे क्यूबाहून स्पेनकडे निघालेला बारा जहाजांचा ताफा फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यालगत चक्रीवादळात सापडला. त्यांतली अकरा जहाजे फुटली आणि हजारभर माणसे बुडाली. स्पेनने त्या काळात पाणबुडे लावून बरेच धन परत काढले, उरलेले वाळूखाली गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर किप वॅगनर नावाचे घरबांधणी करणारे एक गृहस्थ त्या भागात राहायला आले. वादळानंतर किनाऱ्यावर काळपट चांदीचे तुकडे सापडतात, हे त्यांनी पाहिले. लष्कराचा जुना डिटेक्टर घेऊन ते वाळू चाळत राहिले. सापडलेल्या एकाही नाण्यावर १७१५ नंतरचे साल नव्हते. या एका निरीक्षणातून त्यांनी ताफ्याचा माग काढला. त्यांच्या डॉक्टर मित्राने ग्रंथालयात जुने पुस्तक आणि त्यातला नकाशा शोधला, वॅगनर यांनी उथळ पाण्यावरून विमानातून पाहणी केली आणि तळावरच्या तोफांची जागा सापडली. पुढे साथीदार जमवून त्यांनी ‘रिअल एट’ ही कंपनी काढली आणि वाळू ओढणाऱ्या ड्रेजने काम सुरू केले.

१९६० च्या दशकात मेल फिशर नावाचे धनशोधक त्यांना येऊन मिळाले. गढूळ पाण्यात काही दिसत नाही म्हणून वरचे स्वच्छ पाणी तळाशी पाठवावे, या हेतूने फिशर यांनी मेलबॉक्स बनवला. पाण्याबरोबर वाळूही उडाली आणि एक नवे हत्यार जन्माला आले. मे १९६४ मध्ये एकाच दिवशी हजाराहून अधिक सोन्याची नाणी त्यांच्या हाती आली.

यानंतर फिशर यांनी १६२२ मध्ये बुडालेल्या ‘आतोचा’ या स्पॅनिश जहाजाच्या शोधात सोळा वर्षे घालवली. २० जुलै १९७५ रोजी त्यांची एक बोट उलटून मुलगा डर्क, सून एंजल आणि आणखी एक पाणबुड्या बुडाला. बरोबर दहा वर्षांनी, २० जुलै १९८५ रोजी ‘आतोचा’चा मुख्य साठा सापडला. या माणसाच्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे. पण त्याच चिकाटीच्या हातात असे हत्यार होते जे काही मिनिटांत तळाचे सारे थर उधळते. कोणते नाणे कोणत्या पेटीत होते आणि पेटी जहाजाच्या कोणत्या भागात होती, याचे उत्तर त्या थरांत असते.

१७१५ च्या ताफ्यावर आजही परवाना घेऊन काम चालते आणि सापडलेल्या वस्तूंपैकी राज्याचा वाटा ठरलेला असतो. पण २०१५ मध्ये सापडलेल्या नाण्यांतली काही नाणी लपवली गेली होती. २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या तपास यंत्रणेने त्यांतली ३७ सोन्याची नाणी परत मिळवली. त्यांच्या म्हणण्यानुसार चोरीची तीन नाणी २०१६ मध्ये समुद्राच्या तळावर मुद्दाम ठेवली गेली होती, ती गुंतवणूकदारांना ‘सापडावीत’ म्हणून. नाणी खरी होती, तीनशे वर्षे जुनीही होती. तरीही त्यांच्या जागेची नोंद खोटी झाली, तेव्हा इतिहासाच्या लेखी ती निकामी झाली.

जागेवर दिसलेली वस्तू

सोने शोधणाऱ्याच्या ड्रेजमधला माल वर एका लांबट पेटीत पडतो. पेटीच्या तळाला आडव्या पट्ट्या असतात. पाणी वाळू वाहून नेते आणि जड सोने पट्ट्यांआड बसते. आपल्याकडे सराफकट्ट्यातली धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी हेच तत्त्व वापरत आले. सोन्याच्या कणाला ही रीत चालते, कारण तो कण नदीत कुठे होता याला महत्त्व नाही. नाण्याचे तसे नसते. एक तर चपटे, पातळ नाणे प्रवाहावर आडवे होऊन पट्ट्यांवरून निसटू शकते, म्हणून नाणी शोधणारे पेटीऐवजी जाळीची टोपली लावतात. दुसरे म्हणजे नाणे कशाशेजारी पडले होते, यात त्याची अर्धी कहाणी असते.

ग्रीसच्या अँटिकिथेरा बेटाजवळचे जहाज १९०० मध्ये स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना सापडले. १९७६ मध्ये सागरसंशोधक जाक-इव्ह कुस्तो यांच्या चमूने तिथे एअरलिफ्टने गाळ काढला. त्या कामात पर्गामन आणि इफेसस इथली नाणी मिळाली आणि जहाज इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात बुडाले हे पक्के करता आले. पुढे २०१७ मध्ये त्याच जागी पाण्याखालच्या मेटल डिटेक्टरने काम झाले. ब्राँझच्या पुतळ्याचा एक हात मिळाला आणि मोठमोठ्या शिळांखाली आणखी पुतळे असावेत, असे संकेत मिळाले. डिटेक्टर आणि सक्शन यांची जोडी पुरातत्त्वालाही किती देऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

जमैकाच्या पोर्ट रॉयल शहराचा मोठा भाग ७ जून १६९२ च्या भूकंपात समुद्रात गेला. वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे यंत्र बनवणारे एडविन लिंक यांनी १९५९ मध्ये तिथे एअरलिफ्ट लावला. खिशातले एक पितळी घड्याळ सापडले, त्यावर ॲमस्टरडॅमच्या कारागिराचे नाव होते. काटे गळून गेले होते, पण क्ष-किरणांनी त्यांची खूण उमटली : अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटे. आपत्तीची वेळ एका वस्तूने सांगितली.

जर्मनीतल्या टोलेन्झ नदीत याहून शिकवण्याजोगे घडले. तिथे सुमारे ३,२०० वर्षांपूर्वी मोठी लढाई झाली होती. २०१६ मध्ये पाणबुड्यांना नदीच्या तळाशी ब्राँझच्या ३१ वस्तू एकाच ठिकाणी गच्च जमलेल्या मिळाल्या. त्यात भूर्जाच्या मुठीची आर, सुरी, छिन्नी, मोडीचे तुकडे आणि पातळ ब्राँझच्या नळकांड्या होत्या. पिशवी किंवा पेटी केव्हाच कुजून गेली होती, पण वस्तू अजून एकमेकींना बिलगून होत्या. त्यामुळे संशोधकांना म्हणता आले की हा एका माणसाचा जवळचा ऐवज, बहुधा दुरून आलेल्या एका योद्ध्याचा. हाच ऐवज नळीतून ओढला गेला असता, तर चाळणीवर ३१ मोडके तुकडे उरले असते आणि तो माणूस आपल्याला कधीच कळला नसता.

म्हणून पुरातत्त्वज्ञांच्या हाती ड्रेजचे काम वेगळे असते. इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ या १५४५ मध्ये बुडालेल्या युद्धनौकेवर मार्गरेट रूल यांच्या देखरेखीखाली १९७९ ते १९८२ या काळात १९ हजारांहून अधिक वस्तू मिळाल्या. त्या कामात करणी आणि कुंचल्याने वस्तू हळूहळू मोकळी करायची आणि सुटलेला गाळ तेवढा एअरलिफ्टने न्यायचा, अशी शिस्त होती. नळीचे तोंड वस्तूपासून दूर धरायचे, हाताने गाळ त्याच्याकडे लोटायचा, वस्तू दिसली की थांबायचे, मोजायचे, चित्र काढायचे आणि मगच उचलायची. आज अशा ठिकाणी शेकडो छायाचित्रे जोडून त्रिमिती नकाशाही करता येतो. अशा कामातही नळीच्या शेवटी चाळणी असते, पण ती चुका धरण्यासाठी. तिच्यावर सापडलेली प्रत्येक वस्तू म्हणजे तळाशी राहून गेलेली एक नोंद.

जे वाजत नाही

ड्रेज वस्तूची जागा पुसतो, तशी डिटेक्टरचीही एक मर्यादा आहे. तो धातूपुरताच बोलतो. गोव्याजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकातले एक पोर्तुगीज जहाज फुटले होते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांना तिथे तोफ आणि बंदुकांचे अवशेष मिळाले आणि त्यांच्याबरोबर हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी, मार्तबानचे मोठे रांजणही मिळाले. आफ्रिका, गोवा आणि चीन यांना जोडणारा व्यापार त्या दातांनी आणि खापरांनी सांगितला. सेंट जॉर्ज खडकाजवळच्या दुसऱ्या जहाजात कौले होती आणि त्यांवर ‘बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५’ असा ठसा होता. त्या जहाजाचा काळ ठरवायला कौलाइतका भरवशाचा साक्षीदार नव्हता.

हस्तिदंतावर आणि कौलावर डिटेक्टर गप्प राहतो. आवाजामागे धावणारा पाणबुड्या ड्रेजने त्यांना बाजूला फेकतो, काही नळीत फुटतात, लाकूड आणि कातडे तर भुगाच होते. डिटेक्टर आणि ड्रेज एकत्र आले की हा धोका वाढतो, कारण एक यंत्र फक्त धातू दाखवते आणि दुसरे धातू सोडून बाकी सारे हटवते.

नदी, पारा आणि समुद्री गवत

तळ हा सजीवांचेही घर असतो. कॅलिफोर्नियाच्या नद्यांत सालमन आणि ट्राउट खडीत अंडी घालतात. ड्रेज ती अंडी ओढून नेतो आणि उडालेला बारीक गाळ उरलेल्या अंड्यांना गुदमरवतो. एकोणिसाव्या शतकात सोने धरून ठेवायला पारा वापरला गेला, तो पाराही त्या खडीत अजून पडून आहे. ड्रेजवाल्यांचा दावा असा की आम्ही पारा आणि शिसे नदीतून बाहेर काढतो. तो निराधार नाही. २००५ मध्ये तिथल्या जलमंडळाने प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सुमारे ९८ टक्के पारा पेटीत अडकला होता. पण निसटलेल्या बारीक गाळातले पाऱ्याचे प्रमाण चिंताजनक होते. तळाशी स्वस्थ पडलेला पारा सूक्ष्म थेंबांत मोडून प्रवाहात मिसळतो आणि अशा गाळातून माशांपर्यंत पोहोचतो. २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने नद्यांतल्या सक्शन ड्रेजिंगवर स्थगिती आणली. १८७२ च्या केंद्रीय खाणकायद्यापुढे राज्याची बंदी टिकत नाही, असा युक्तिवाद झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो फेटाळला.

समुद्रात मेलबॉक्सचा फटका समुद्री गवताला बसतो. कोळंबीची आणि माशांची पिल्ले त्या कुरणांत वाढतात आणि कुरण एकदा उखडले की भरून यायला वर्षे लागतात. १९९२ मध्ये फ्लोरिडा कीज परिसरात फिशर यांच्या कंपनीने असे खड्डे पाडले. १९९७ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल सुमारे ५ लाख ८९ हजार डॉलरची भरपाई ठरवली. ज्यांच्या हातून हे हत्यार घडले, त्यांच्याच कामावर हा निकाल लागला.

पाणबुड्याचा जीव

उथळ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी, या समजाने माणसे मरतात. ड्रेजच्या इंजिनावरच हवेचा कॉम्प्रेसर बसवून नळीने श्वास घेण्याची पद्धत आहे. इंजिनाचा धूर त्या हवेत शिरला तर कार्बन मोनॉक्साइड बिनवासाचे विष होऊन थेट फुप्फुसांत जाते. नळीतून दाबाची हवा घेणाऱ्याने श्वास रोखून वर येणे दोन मीटरवरूनही जिवावर बेतू शकते, कारण फुप्फुसातली हवा फुगते. खड्ड्याच्या कडा कोसळतात, खालची खडी निघाली की वरचा मोठा दगड सुटतो. एअरलिफ्टचे तोंड अडकले तर हलकी झालेली नळी झटकन वर उसळते. एकट्याने हे काम करू नये, हा नियम अनुभवी माणसे कधीही मोडत नाहीत.

कायदा कुणीकडे

जगभर कायद्याचा कल हळूहळू जागेच्या बाजूने झुकला आहे. अमेरिकेने १९८७ च्या कायद्याने राज्यांच्या पाण्यातली बेवारस जहाजे राज्यांकडे सोपवली. ब्रिटनमध्ये जहाजाच्या अवशेषातली वस्तू काढली तर २८ दिवसांत सरकारी अधिकाऱ्याला कळवावे लागते. ‘मर्सिदीस’ हे १८०४ मध्ये बुडालेले स्पॅनिश जहाज. एका अमेरिकी कंपनीने २००७ मध्ये त्यातली सुमारे ५ लाख ९४ हजार नाणी काढली. खटला हरल्यावर २०१२ मध्ये ती सारी स्पेनला परत गेली. युनेस्कोचा २००१ चा करार २००९ मध्ये अमलात आला. शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेला वारसा शक्यतो जागेवर जपावा आणि त्याचा व्यापार करू नये, असे त्यात म्हटले आहे.

भारतात १८७८ चा गुप्तधन कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंना १९७२ चा कायदा लागतो. खाडीत किंवा समुद्रात ड्रेज लावायचा तर किनारा नियमन क्षेत्राचे नियमही आड येतात. डिटेक्टर बाजारात मिळतो, याचा अर्थ हवे तिथे खोदण्याची मुभा आहे असा नाही.

महाराष्ट्राला सक्शन पंपाची ओळख वाळूमुळे झाली आहे. कोकणच्या खाड्यांत हातपाटीने वाळू काढणारे आणि ड्रेजर लावणारे यांच्यातला झगडा जुना आहे. भीमेसारख्या नद्यांत रात्री चालणाऱ्या पंपांनी पात्रे खरवडली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातल्या वाळूउपशालाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली, ती अशाच अनुभवांतून. आपल्या नद्या आणि खाड्या म्हणजे घाट, बंदरे आणि उतारांच्या जागा. शतकानुशतके माणसांनी तिथे नाणी वाहिली, होड्या बुडाल्या, दागिने निसटले. त्या वाळूबरोबर काय काय गेले याची एकही नोंद नाही. धन शोधणाऱ्यांपेक्षा वाळू विकणाऱ्यांनी आपला पाण्याखालचा इतिहास अधिक संपवला आहे आणि या नुकसानाबद्दल आपण फार कमी बोलतो.

तीर्थक्षेत्री दोरीला लोहचुंबक बांधून नदीतली नाणी काढणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. चुंबकाला अलीकडची पोलादी नाणी चिकटतात, तांब्या-चांदीची जुनी नाणी तशीच राहतात. त्या मुलांच्या हातून नदीचे काहीही बिघडत नाही. हत्यार किती ओढते, यावर नुकसानीचे माप ठरते.

पुढची वाट

या साऱ्या आढाव्यातून काही गोष्टी ठामपणे म्हणता येतात. गेल्या वर्षी पोहताना हरवलेली अंगठी शोधायची असेल आणि तळ रोज ढवळला जाणारा असेल, तर परवानगी घेऊन लहान ड्रेज आणि टोपली वापरण्यात गैर नाही. ती जागा काही सांगणारी नसते आणि अंगठी मालकाला परत मिळणे हेच उद्दिष्ट असते. जिथे जुने नाणे, तोफगोळा, खापर किंवा लाकडाची फळी दिसली, तिथे ड्रेज त्या क्षणी बंद व्हावा. डिटेक्टरने प्रत्येक आवाजाची जागा नकाशावर मांडावी आणि पुढचे काम जाणत्यांच्या हाती द्यावे. माशांच्या विणीचा काळ आणि गवताची कुरणे हौशी आणि जाणते, दोघांनीही टाळावीत.

जाणते आपल्याकडे आहेत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत एस. आर. राव यांनी १९८० च्या दशकात सागरी पुरातत्त्वाचा पाया घातला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पाण्याखालची शाखा २००१ मध्ये सुरू झाली. पण त्यांची संख्या किनाऱ्याच्या लांबीपुढे फार तोकडी आहे. दुसरीकडे मालवण-तारकर्लीला आणि गोव्यात स्कूबा शिकलेली शेकडो तरुण मुले रोज पाण्यात उतरतात आणि मच्छीमारांना जाळी कुठे अडकतात त्या प्रत्येक जागेची माहिती असते. ब्रिटनमध्ये नॉटिकल आर्किऑलॉजी सोसायटी हौशी पाणबुड्यांना मोजमाप आणि नोंदी शिकवते. तसे शिक्षण इथे मराठी-कोकणीतून मिळाले, सापडलेले कळवणाऱ्याचे नाव संग्रहालयात लागले आणि त्याला योग्य मोबदला मिळाला, तर डिटेक्टर हाती घेतलेला माणूस वारशाचा राखणदार होईल. आज कळवण्यात त्याला फक्त कागदपत्रांची कटकट दिसते, म्हणून तो गप्प बसतो किंवा वस्तू विकून टाकतो. आधी कायद्याने आणि संस्थांनी त्याच्यासाठी दार उघडावे. मग त्याच्याकडून शिस्त मागण्याचा अधिकार आपल्याला मिळेल आणि ती शिस्त अवघड नाही : वस्तू हाताने उचलायची, नळीने फक्त गाळ न्यायचा.